तालमीतले पडणे

कुस्तीच्या फडात ज्याच्या पाठीला माती लागली तो हरला. पंचांना तेवढा पुरावा पुरतो आणि लांब बसलेल्या प्रेक्षकालाही तो दिसतो. तालमीच्या हौद्यात मात्र या पुराव्याला काही किंमत नसते. तिथे लढत सुरू होताना दोघे एकमेकांच्या मानेवर, खांद्यांवर, पाठीवर मुठीमुठीने माती टाकतात, कारण घामाने निसरडे झालेले अंग त्याशिवाय हाती लागत नाही. दहा मिनिटांत दोघांच्याही पाठी, पोटे, मांड्या सारख्याच तांबड्या होतात. हौद्यातून वर येणाऱ्या पोरांकडे पाहून कोण कितीदा पडले हे परक्या माणसाला सांगताच येणार नाही. हा योगायोग नव्हे. सरावात सपाटून मार खाल्लेल्या पोराने तो मार किती मनाला लावून घ्यायचा, हा प्रश्न आपण आज त्या पोरावरच सोडतो आणि मन खंबीर कर म्हणून त्याला सांगतो. कोल्हापूर आणि त्याच्या आसपासच्या मुलखातल्या जुन्या तालमींनी हा प्रश्न एकट्या पोराच्या मनावर सोडला नव्हता. त्याचे उत्तर रिवाजात होते, दिनक्रमात होते आणि सर्वांत जास्त ते खुराकाचा खर्च कोण उचलतो यात होते. माझे म्हणणे असे की तालमीतला वाईट दिवस पचवण्याची ताकद ही मल्लाच्या स्वभावापेक्षा त्याच्याभोवतीच्या व्यवस्थेची कमाई होती. आणि ती व्यवस्था जसजशी विरत गेली, तसतसा तोच दिवस पोरांना जड जाऊ लागला.

मल्ल पोसण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला ग्रंथ. राजाच्या करमणुकीचे जे प्रकार त्यात वर्णिले आहेत, त्यांत मल्लविनोद आहे. मल्लांची प्रतवारी तिथे सापडते आणि त्यांच्या मेहनतीचे प्रकारही सापडतात: वजनाचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातला सलिलश्रम, खांबावरचा स्तंभश्रम. शेवटच्या प्रकारात अभ्यासकांना मल्लखांबाचे पूर्वरूप दिसते. मल्लांना काय खाऊ घालावे, हेही ग्रंथकार विसरत नाही. माझ्या दृष्टीने हा तपशील डावपेचांच्या वर्णनाहून मोलाचा आहे. कुस्ती पाहण्याचा आनंद राजाचा, म्हणून मल्लाच्या ताटाची काळजीही राजाची, असा हा सरळ व्यवहार होता. पुढे पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, पुण्याच्या पेठांतून तालमी उभ्या राहिल्या, बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्यातून माणिकरावांसारखे शिष्य तयार झाले. आश्रयदाते बदलले, पण ताटाची जबाबदारी मल्लाच्या घरावर टाकायची नाही हे तत्त्व बऱ्याच अंशी टिकले.

या तत्त्वाला सर्वांत भरीव रूप आले ते राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात. महाराज १८९४ साली गादीवर आले. त्यांना स्वतःला मेहनतीचा आणि कुस्तीचा नाद होता, आणि हा नाद त्यांनी राज्याच्या कारभारात आणला. १९०२ साली विलायतेच्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन कलोझियम पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभे केले. मधोमध खोलगट आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना आहे, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पुढच्याचा फेटा आड येत नाही. १९१२ साली हे मैदान खुले झाले तेव्हाच्या मोठ्या जोडीत गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन हे उत्तरेतले नामांकित मल्ल लढले आणि इमामबक्षाने कुस्ती मारली. महाराजांच्या कुस्तीप्रेमाबद्दल लिहिताना बहुतेक जण खासबागेपाशी थांबतात. मला त्याच्या जोडीने तालमी पाहाव्याशा वाटतात. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशी नावे आजही कोल्हापूरकर घराच्या माणसासारखी घेतात. हजारो डोळ्यांसमोर पडण्याची जागा ज्या शहराने इतकी भव्य बांधली, त्याच शहराला कोणाच्याही डोळ्यांवर न येता शंभरदा पडता येईल अशा अंधाऱ्या, कौलारू, बुटक्या दारांच्या जागाही लागत होत्या. मैदान जितके उघडे, तितकी तालीम झाकलेली. एकाशिवाय दुसरीचा अर्थ लागत नाही.

तालमीच्या आतला क्रम पाहिला तर हे आणखी स्पष्ट होते. पोरे पहाटे चारच्या सुमारास उठत. हौदा आधी खणायचा, माती भुसभुशीत करायची, ती सारखी करायची. ही माती साधी नसते. तांबडी माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर असे घालून ती मुरवतात, म्हणजे अंगाला खरचटले तरी जखम चिघळत नाही आणि पडताना हाडाला मार कमी बसतो. खणण्याचे काम नामांकित मल्लालाही चुकत नसे. मग जोर, बैठका, सपाटे, आणि लढती. लढतीच्या जोड्या वस्ताद लावी, पोराच्या आवडीनुसार नव्हे. फडात जोड तोलून-मापून ठरते, वजन, वय, नाव सगळे बघितले जाते. तालमीत वस्ताद मुद्दाम विषम जोड लावतो: थकलेल्या पोरावर ताज्या दमाचा सोडतो, उंचापुऱ्यासमोर ठेंगणा उभा करतो, ढाक मारण्यात तरबेज असलेल्याला त्या डावाची तोड येत नसलेल्याच्या अंगावर घालतो. म्हणजे काही पोरांचे त्या दिवशी पडणे हे आदल्या रात्रीच ठरलेले असे. ज्याला घिस्स्याची तोड शिकायची त्याने घिस्सा खाल्लाच पाहिजे, आणि तो एकदा खाऊन भागत नाही. पोर रोज पडत होते ते त्याच्या नशिबाने नव्हे, वस्तादाच्या योजनेने. आणि योजना आपल्यापेक्षा मोठ्या माणसाची आहे, हे कळल्यावर पडण्यातला अपमान निम्मा उतरतो.

यावर कोणी म्हणेल की हिशेब न ठेवणारा सराव माणसाला सैल करतो; आजचा प्रशिक्षक प्रत्येक सत्राची नोंद ठेवतो, गुण मोजतो, हृदयाचे ठोके मोजतो, म्हणून तर खेळाडू पुढे जातो. हा आक्षेप एका चुकीच्या समजावर उभा आहे. तालमीत हिशेब नव्हता असे नाही. तो वस्तादाच्या डोक्यात होता आणि तिथेच राहत होता. कोणाची डावी बाजू कच्ची आहे, कोण दम लागला की मान सोडतो, कोण कब्जात सापडला की घाबरतो, हे वस्तादाला पोराच्या बापापेक्षा जास्त ठाऊक असे. पण ही नोंद भिंतीवर लागत नसे आणि पोरांनी ती एकमेकांना सांगावी असाही रिवाज नव्हता. आज अमक्याने तमक्याला तालमीत तीनदा पाडले असे बाहेर जाऊन सांगणारा पोर हलका समजला जाई. मोजणे आणि जाहीर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तालमीने पहिली केली आणि दुसरी टाळली. त्यामुळे पोराला चुकण्याची मोकळीक मिळाली आणि वस्तादाला चुका दिसत राहिल्या.

लढती संपल्यानंतरचा तास हा या सगळ्याचा गाभा आहे. अंग मोडून आलेल्या, एखाद्या डावात पुन:पुन्हा सापडलेल्या पोराला त्या तासात एकटे बसायला वेळच मिळत नसे. घाम जिरेपर्यंत माती अंगावर वाळू द्यायची, ती हाताने चोळून काढायची, मग मालीश. मालीश करणारा बहुधा तोच भिडू असे, ज्याने अर्ध्या तासापूर्वी याची मान दाबून धरली होती. गुडघा ज्याच्या बरगडीत रुतवला त्याच्याच बरगडीवर तो आता तेलाचा हात फिरवायचा, कुठे दुखते ते अंगठ्याने शोधायचा, आणि बोलता बोलता सापडलेला डाव कसा टाकला हेही दाखवून द्यायचा. त्यानंतर थंडाईची तयारी. भिजवलेले बदाम सोलायचे, खसखस, बडीशेप, वेलची, मिरी यांबरोबर कुंडीत घोटायचे, दुधात कालवायचे. हे काम दोघातिघांनी मिळूनच होते. कित्येक तालमींत पोरे स्वतःचा स्वयंपाकही स्वतः करत. एकाने पीठ मळायचे, दुसऱ्याने रस्सा बघायचा. मग दुपारची झोप, आणि तीही सक्तीची. मानसशास्त्राचा शब्द न वापरता तालमीने इथे एक नेमकी गोष्ट साधली होती: पराभव आणि पुढचा घास यांच्यामध्ये हातांना काम दिले, आणि ते काम ज्याने पाडले त्याच्याच सोबतीने दिले. मनात अढी धरायची म्हटली तरी ती संध्याकाळपर्यंत टिकणे अवघड होते.

दुसरा आधार पेठेचा होता. कोल्हापुरातली तालीम ही केवळ पैलवानांची जागा कधीच नव्हती. तिच्यात गणपती बसायचा, मोहरमचे पंजेही बसायचे. बाबूजमाल, काळा इमाम ही तालमींची नावेच त्या मिश्रणाची साक्ष देतात. लग्नकार्य, मयत, पूर, आग अशा वेळी पेठेला माणसे लागत आणि ती तालमीतून येत. पेठेतली बहुतेक पोरे कधीही मोठी कुस्ती मारणार नव्हती, हे त्यांना आणि वस्तादालाही कळत असे. तरीही त्यांची तालमीतली जागा पक्की होती. ज्याचे नाव फक्त कुस्तीवर उभे आहे, त्याला एक वाईट आठवडासुद्धा हादरवून टाकतो. ज्याला कुस्ती न जमली तरी पंजाच्या मिरवणुकीत खांदा द्यायचा आहे, त्याच्यापाशी उभे राहायला दुसरी जमीन असते. आज याच तालमींपैकी कित्येक फुटबॉलच्या संघांच्या नावाने ओळखल्या जातात. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा या तालीम मंडळांचे सामने शाहू स्टेडियमवर रंगतात. हौद्यावाचूनही तालीम जगली याचा अर्थ असा की ती मुळातच हौद्यापेक्षा मोठी होती.

खरा पराभव जिथे मोजला जाई, तिथेही पायऱ्या होत्या. गावोगावच्या जत्रांतले कुस्त्यांचे फड लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्यांनी सुरू होत. मग काही रुपयांच्या, मग फेट्याच्या, आणि दिवस कलता कलता मोठ्या इनामाच्या जोड्या. हलगी सगळ्यांसाठी सारखीच वाजे. आठ वर्षांचे पोर गावासमोर चीत झाले तर त्याची किंमत मूठभर रेवड्या. अशा पाचपंचवीस जत्रा झाल्यावर मैदानातल्या पराभवाचीही त्याला सवय होई आणि किंमत हळूहळूच वाढत जाई. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योच्या एइशोजी मंदिरात बारा चटयांवर कोडोकान सुरू केले, तेव्हा त्यांनी याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. जुडोत आधी पडायला शिकवतात, मग पाडायला. मोकळा सराव आणि स्पर्धेची लढत यांत स्पष्ट रेषा असते. कुस्तीला पडण्याचे तंत्र असे शिकवता आले नाही, कारण तिच्या नियमात पडणे म्हणजेच हरणे. म्हणून तिला तंत्राऐवजी रिवाज उभा करावा लागला. दोन्हींकडच्या गुरूंना एकच गोष्ट उमगली होती, की शिकण्याच्या जागी हार स्वस्त असली पाहिजे.

खाशाबा जाधवांचे उदाहरण इथे टाळता येत नाही, आणि ते माझ्या म्हणण्याला पूर्णपणे धार्जिणेही नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला तो कोल्हापूर दरबाराच्या मदतीने. आयुष्य मातीत गेलेले. गादीवरची कुस्ती आणि तिचे गुण मोजायचे नियम त्याला नवखे. तरी फ्लायवेट गटात तो सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला बँटमवेट गटात त्याने कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथे तो ज्यांच्याकडून हरला त्यांतला सुवर्णविजेता शोहाची इशीई मुळात जुडोत घडलेला होता. त्या दीर्घ लढतीनंतर पुरती विश्रांती न मिळताच खाशाबाला सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी लढावे लागले आणि ती कुस्तीही गेली. आता अडचण अशी की १९५२ पर्यंत दरबार उरला नव्हता. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी राहते घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले, गावाने वर्गणी काढली, तेव्हा कुठे प्रवास झाला. परतल्यावर कुस्त्यांचे फड लावून खाशाबाने ते घर सोडवले. म्हणजे गुरुजनाचे घर डोक्यावर घेऊन हा माणूस जगातल्या उत्तमांशी लढला आणि जिंकला. मग राजाश्रयाने मन स्थिर राहते हा दावा कुठे टिकतो?

टिकतो, असे मला वाटते, पण तो नीट मांडायला हवा. कर्जाचे ओझे होते ते एका स्पर्धेचे. ज्या वर्षांत खाशाबा घडला, ज्या वर्षांत त्याला शेकडो वेळा पडता आले, ती वर्षे जुन्या व्यवस्थेतली होती: मल्ल वडील, गावची माती, कोल्हापूरच्या तालमी, बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजींसारखे शिकवणारे. शिकतानाची हार स्वस्त होती, म्हणून परीक्षेच्या वेळचे महागडे ओझे त्याला पेलले. आणि एकाने पेलले यावरून ते सर्वांना पेलावे असा नियम करणे हा त्याच्याशीच अन्याय होईल. १९५५ साली तो पोलीस खात्यात लागला, अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. ज्याने इतके सोसले त्याच्या सोसण्याला आपण व्यवस्था म्हणू नये.

जुन्या तालमीवर याहून कडक आक्षेप आहे, आणि तो मला पूर्णपणे परतवता येत नाही. तालीम निष्ठुर होती. वस्तादाच्या हातात काठी असे आणि ती चाले. जी पोरे टिकली त्यांनी आठवणी सांगितल्या, जी दुसऱ्या आठवड्यातच घरी पळाली त्यांच्याविषयी कोणी विचारले नाही. म्हणून तालमीचा सगळा इतिहास टिकलेल्यांच्या तोंडचा आहे. स्त्रियांना तर उंबऱ्याच्या आतही प्रवेश नव्हता. त्यातही सर्वांत मोठा दोष असा की वाईट दिवस आणि दुखापत यांतला फरक तालमीला नीट करता आला नाही. गुडघ्याची शीर तुटली तरी हळदीचा लेप आणि पुन्हा हौदा. कानाला मार बसून तो सुजला, आत रक्त साकळून घट्ट झाले, तर ते पैलवानकीचे लक्षण ठरे. अंगात असलेल्या बळाच्या निम्म्यानेच व्यायाम करावा, असे वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त केव्हाच सांगून ठेवले होते, तालमीने ते कधी मानले नाही. सोसण्याची शिकवण इतकी यशस्वी झाली की जे सोसू नये तेही पोरे सोसत राहिली. माणिकरावांसारख्यांनी हाडे बसवण्याची विद्या आखाड्याशी जोडून घेतली होती, ती शहाणी वाट होती. बहुतेक तालमी त्या वाटेने गेल्या नाहीत. रिवाज पराभवाची धार बोथट करतो, पण त्याबरोबर वेदनेचीही करतो, आणि वेदना ही कधीकधी खरी बातमी असते.

तरीही हा दोष मान्य करून मूळ मुद्दा उभा राहतो, कारण पुढे जे घडले ते त्याच्याच बाजूने बोलते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. दरबारी मल्लाची नेमणूक संपली. कोणी म्हणेल, मग कुस्तीचा बहराचा काळ त्यानंतरच का आला? श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकरांनी तो किताब घेतला. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची गदा सुरू झाली, आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि मारुती माने या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणले. हे सगळे खरे आहे. पण ही पिढी ज्यांच्या हाताखाली घडली ते वस्ताद दरबारच्या काळातले होते. रोप जुन्या पाण्यावर वाढले आणि फळ नव्या हंगामात धरले. नव्या आश्रयाची जात वेगळी होती. सहकारी साखर कारखान्यांनी, आमदारांनी, गावोगावच्या जत्रा कमिट्यांनी कुस्तीला पैसा दिला आणि तो मनापासून दिला. काही कारखान्यांनी मल्लांना मानधनही लावले. पण त्या पैशाचा ओढा जिंकणाऱ्याकडे होता. गदा, बुलेट, इनाम, सत्कार हे सगळे निकालानंतरचे. दरबार मल्लाला पोसत होता, नवा आश्रय कुस्तीला बक्षीस देऊ लागला. मधल्या वर्षांचे, म्हणजे पडून पडून शिकण्याच्या वर्षांचे ताट हळूहळू बापाच्या अंगावर आले.

खुराकाचा हिशेब कोणत्याही पैलवानाच्या घरी विचारावा. बदाम, तूप, दूध, मांस, अंडी. दोन एकरांच्या शेतकऱ्याला हे महिन्याच्या महिन्याला परवडणारे नाही. म्हैस दुभती असली तर तिचे दूध डेअरीला न घालता पोराला पाठवायचे, नसली तर उसाच्या बिलातून कापायचे, तेही थकले तर बहिणीचे लग्न एक वर्ष पुढे ढकलायचे. अशा घरातला पोर जेव्हा तालमीत एका सकाळी चार वेळा पडतो, तेव्हा त्याला नुसते चार डाव गेले असे वाटत नाही. त्याला म्हैस आठवते. जुन्या पोराने जो मार सहज झटकला तो नव्या पोराला झटकता येत नाही, आणि याला आपण त्याच्या मनाचा दुबळेपणा म्हणतो तेव्हा आपण त्याच्या घराचा जमाखर्च वाचायला विसरतो. वजन झटपट वाढवणारी औषधे तालमींच्या आसपास विकली जाऊ लागली तीही याच वळणावर. ज्याला वाट पाहणे परवडत नाही, तो घाईची वाट धरतो. औषधाचा निषेध करताना ही घाई कोणी निर्माण केली हेही बोलले पाहिजे.

गादीने आणखी एक फरक केला. आंतरराष्ट्रीय कुस्तीसाठी ती अपरिहार्य होती आणि खाशाबाच्या अनुभवानंतर तिला विरोध करणे हा नुसता हट्ट ठरला असता. पण गादीवर गुण दिसतात, घड्याळ दिसते, आणि आता मोबाइल फोनमुळे सरावाची लढतसुद्धा चित्रित होऊन संध्याकाळपर्यंत गावभर फिरते. मातीने जे झाकले होते ते गादीने उघडे केले. सरावाचे चित्रीकरण शिकण्यासाठी फार उपयोगी आहे, हे कबूल. मात्र ते वस्तादाच्या डोक्यातल्या नोंदीसारखे त्याच्यापाशीच राहिले तर. गावच्या पारावर ते पोचले की सराव संपतो आणि रोजचाच फड सुरू होतो. रोज फड खेळून कोणी शिकलेले नाही.

मुलींच्या कुस्तीत हा प्रश्न सर्वांत उघडपणे दिसतो. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. कोल्हापूर-सांगलीकडच्या खेड्यांतून आलेल्या या मुली जुन्या तालमीच्या वारस नव्हेत, कारण तालमीने त्यांना कधी आत घेतलेच नव्हते. पेठेचा आधार, भिडूचे मालीश, एकत्र घोटलेली थंडाई, रेवड्यांवरची पहिली हार हे त्यांच्या वाट्याला फार थोडे आले. कित्येकींचा प्रशिक्षक बापच असतो, गादी घराच्या पडवीत किंवा शेजारच्या शेडमध्ये असते, आणि सकाळी वाईट गेलेला सराव दुपारी ताटावरही त्यांच्यासोबत येऊन बसतो. ज्याने चूक दाखवली तोच खुराकाचे पैसे देतो, तोच रात्री उद्याची काळजी करतो. या मुलींसाठी राहण्या-जेवणाची सोय असलेली केंद्रे हवीत, आणि त्यांना मिळणारे मानधन स्पर्धेतल्या क्रमांकावर नव्हे, तर सरावात राहिलेल्या वर्षांवर ठरायला हवे. निदान पहिली चार-पाच वर्षे तरी पदक आले की नाही हे त्यांच्या ताटाने विचारू नये. दरबार मल्लांसाठी जे करत होता ते सरकारला, कारखान्यांना आणि कुस्तीगीर संघटनांना आज मुलींसाठी करता येण्यासारखे आहे. त्यासाठी कोणतेही नवे मैदान बांधावे लागणार नाही.